उभ्या खाचा

चुका : ३१२

चांदनीने मोजपट्टी तारेच्या एका काठावर टेकवली आणि माऊस ओढत दुसऱ्या काठापर्यंत नेली. छत्तीस मायक्रॉन. पडद्यावर ती तार जांभळ्या रस्त्यासारखी डावीकडून उजवीकडे पसरली होती. प्रत्यक्षात माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीची. तिने पहिली खाच काढली. वरून खाली, तारेला आडवी. दोन मायक्रॉन रुंद, वीस मायक्रॉन लांब. तिची नक्कल करून शेजारी दुसरी ठेवली. मग तिसरी, चौथी.

तपासणीचा प्रोग्राम चालवला. ३०८.

चहा गार झाला होता. तरी तो तिने चवीने संपवला.

इतकी रुंद तार चिपमध्ये सलग ठेवता येत नाही. कारखान्यात तांब्याचा थर घासून सपाट करतात, तेव्हा रुंद तारेचा मधला भाग जास्त घासला जाऊन खोलगट होतो. म्हणून बारा मायक्रॉनच्या पुढे तार गेली की तिला मध्येमध्ये खाचा पाडायच्या. खाच किती रुंद, किती लांब, दोन खाचांत किती अंतर, हे सगळे प्रोग्राम मोजतो. खाचेची दिशा तो मोजत नाही.

दिशा माणसाने पाहायची असते. वीज जशी वाहते तशी खाच असेल तर वीज तिच्या दोन्ही अंगांनी निघून जाते. खाच वाटेत आडवी असेल तर तिला काठाच्या चिंचोळ्या पट्टीतून घुसावे लागते. पट्टी तापते. तांबे कणाकणाने सरकू लागते. आठ महिने, वर्ष, दीड वर्ष. मग एके दिवशी तार तुटते.

प्रोग्राम म्हणतो, चूक नाही.

चांदनीने पाचवी खाच ठेवली. आडवी.

चुका : २४०

फोन वाजला. भूपेश होता. इंजिनिअरिंगला तिच्या वर्गात होता. आता पुण्यात बसून बंगळूरच्या कंपन्यांची चिपमांडणीची कामे घ्यायचा आणि घरून काम करणाऱ्या चार-पाच जणांना वाटून द्यायचा.

"कितलं बाकी शे?"

"दोनशे चाळीस."

"सहा वाजता द्यायचं बरं का. कारखान्याची तारीख ठरेल शे."

"देते."

ती खोकली. वारा फिरला होता. शहराबाहेर मैलभर पसरलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून तो आला की मंगळ बाजारापर्यंत सगळी गल्ली ठसकायची.

"तब्येत बरी शे ना?"

"मिरची."

"तुम्हां नंदुरबारवाल्यांना डॉक्टर काय सांगत असतील कोण जाणे." तो हसला. "ब्लॉक कसा आहे?"

"चांगला आहे. नीट काम करणाऱ्या माणसाचा आहे."

"कोणाचा ते विचारू नको. नाव सांगायचं नाही अशी अट आहे."

"मी कुठे विचारलं?"

विचारायची गरज नव्हती. परवा सकाळी फाईल उघडली आणि पहिल्याच यादीत तिला ब्लॉकमधल्या, म्हणजे चिपच्या त्या भागातल्या, तुकड्यांची नावे दिसली. दादर. भुईमूग. मठ. बाकीचे लोक आपापल्या तुकड्यांना ग्रहांची, नाहीतर सिनेमांची नावे द्यायचे. आपल्या शेतातल्या पिकांची नावे देणारा तिच्या जुन्या कंपनीत एकच माणूस होता. दादर म्हणजे मुंबईचे स्टेशन, असे सगळा मजला समजायचा. दादर म्हणजे ज्वारी, हे तिथे फक्त चांदनीला ठाऊक होते. त्यावर ती दोघे कँटीनमध्ये पोट धरून हसली होती.

यादीच्या शेवटच्या पानावर, जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात, दोन अक्षरे होती. एच. के.

हेमकांत. रनाळ्याचा.

चुका : १३१

चार वर्षांपूर्वी ती बंगळूरला तीन महिन्यांची नवी होती आणि हेमकांत तिचा वरिष्ठ. एकाच जिल्ह्यातले निघालो म्हटल्यावर त्याने पहिल्या दिवशीच सांगून टाकले होते, "सर नही, भाऊ म्हन." जेवताना तो तिच्याशी अहिराणीत बोलायचा. ती बाजारपेठेतली, घरात मारवाडी बोलणारी. पण वडिलांच्या दुकानात बसून अहिराणी तिच्या तोंडात बसली होती. परमुलखात तेवढ्यानेही पोट भरल्यासारखे व्हायचे.

एका शुक्रवारी तो चुलतभावाच्या हळदीला रनाळ्याला गेला होता. तिने फोन केला. मागे बँड वाजत होता.

"भाऊ, रुंद तारेला खाचा कशा पाडू? उभ्या का आडव्या?"

"उभ्या पाड. उभ्याज. आडव्या नको पाडू, मरसूत आपन!"

तिच्या समोरची तार डावीकडून उजवीकडे जात होती. तिने खाचा वरून खाली पाडल्या. उभ्या. मनात शंका आली होती, पुस्तकात काही वेगळे वाचल्यासारखे वाटत होते. पण भाऊने दोनदा सांगितले होते.

नमुन्याच्या चिपा चाचणीच्या भट्टीत अकराव्या दिवशी मरू लागल्या.

बैठक इंग्रजीत झाली. चांदनीने सांगितले, मला उभ्या पाडायला सांगितले होते. हेमकांतने सांगितले, हो, मी उभ्याच सांगितले होते. मोठे साहेब दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, त्या शब्दाचा अर्थ काय?

"व्हर्टिकल," चांदनी म्हणाली.

"लेंग्थवाइज," हेमकांत म्हणाला. "लांबीच्या दिशेने."

त्याने तिच्याकडे पाहिले नाही. टेबलाच्या टोकाला कोणीतरी हसले. साहेबांनी वरिष्ठाचा अर्थ धरला.

एकवीस फेब्रुवारीला तिला पत्र मिळाले. त्यात ‘निष्काळजीपणा’ असा शब्द होता. पुढच्या दोन कंपन्यांनी ते पत्र वाचून तिला परत पाठवले. तिसरीकडे ती गेलीच नाही; नंदुरबारला आली.

नोकरी गेली हे एक. पण तिला जाळत होते ते दुसरेच. तिच्याही तोंडातला शब्द त्याने तिच्या डोळ्यांदेखत, चार लोकांसमोर फिरवला होता. आणि तो फिरवला हे कळणारी त्या खोलीत ती एकटीच होती. साक्षीदार नव्हता. चार वर्षे ती त्या बैठकीत बसून होती. भाजी निवडताना बसून होती, देरासरात मूर्तीपुढे हात जोडून उभी असतानाही तिथेच बसून होती. प्रत्येक वेळी तिला नवे उत्तर सुचायचे आणि प्रत्येक वेळी ते ऐकायला खोलीत कोणी नसायचे.

तिने एक अख्खी रांग निवडली, नक्कल केली, खाली ठेवली. सोळा खाचा एका फटक्यात.

चुका : ०

शेवटची खाच पडली तेव्हा सव्वाबारा वाजले होते. सहाशे चाळीस खाचा. सगळ्या आडव्या, सगळ्या एका रेषेत.

तिने हनुवटी तळहातावर टेकवली आणि पुढचे सगळे सावकाश पाहून घेतले. चिपा बनतील. चार्जरमध्ये बसतील. पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही होणार नाही. मग एक चार्जर परत येईल, मग दहा, मग खोकीच्या खोकी. बैठक बसेल. रुंद तार पडद्यावर मोठी करून दाखवतील. साहेब विचारतील, या खाचा कोणी पाडल्या? तो म्हणेल, काम बाहेर दिले होते. बाहेर कोणाला? भूपेशला. भूपेश म्हणेल, आम्ही नियमाप्रमाणे शून्य चुका करून दिल्या, हा पाहा कागद. खाली मंजुरीची सही कोणाची आहे? एच. के.

तेव्हा त्याने सांगावे, उभ्या म्हणजे काय.

ती हसली नाही. फक्त पायातली चप्पल काढून थंड फरशीवर तळवे टेकवले.

फाईल लगेच पाठवता आली असती. पण तिला ती संध्याकाळपर्यंत आपल्याकडे ठेवायची होती.

चुका : ० (गच्चीवर)

"चांदनी, थोड़ो हाथ लगा दे बेटा," आईने जिन्यातून हाक मारली. "मिरच्यां सूख जासी."

गच्चीवर जुन्या चादरीवर पंधरा किलो मिरच्या पसरल्या होत्या. लाल, जाड, बोटाएवढ्या. दरवर्षी पौषात तिची आई, इचरजबाई, भरल्या मिरचीचे लोणचे घालायच्या. जोधपूरला दोन नणंदांकडे, इंदूरला भावाकडे बरण्या जायच्या. यंदा त्यांचे मनगट दुखत होते, म्हणून मदतीला दिवलीबाईला बोलावले होते. ती धडगावच्या वरच्या पाड्यातली. नवऱ्याबरोबर बांधकामावर मजुरीला खाली उतरलेली. मराठी ती तोलूनमापून बोलायची, वाटेतला दगड पाहून पाय ठेवावा तशी.

चांदनीने हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि पाटासमोर बसली.

"दिवलीबाई, आरपार नाही कापायची. नुसती उभी चीर द्यायची. मग मसाला भरायचा."

दिवलीबाईने एक मिरची उचलून पाटावर ठेवली. देठ डावीकडे, टोक उजवीकडे. चाकू वर धरला आणि तशीच थांबली.

"उभी कोणाची?" तिने विचारले. "माझी का मिरचीची?"

इचरजबाई हसल्या. "ल्यो! मिरची री! मिरचीची गं बाई."

"हसा," दिवलीबाई म्हणाली. "आमच्या मुकादमानं सांगितलं, फरश्या उभ्या लावा. मी उभ्या लावल्या. तो संध्याकाळी आला. म्हणे, तुला उभ्या सांगितल्या, आडव्या लावल्यास. मी म्हटलं, मी इकडून उभी होती, तू तिकडून आलास. त्यानं सगळ्या काढायला लावल्या. तवापासून मी विचारते. लोकांना वाटतं बाईला समजत नाही. वाटू दे."

तिने मिरचीला देठापासून टोकापर्यंत चीर दिली. डावीकडून उजवीकडे.

"अशी?"

"हां, अशी," इचरजबाई म्हणाल्या. "उभी."

चांदनीच्या हातातली मिरचीही आडवीच होती. देठ डावीकडे. तिने चाकू टेकवला होता तोही डावीकडून उजवीकडे नेण्यासाठी. त्याला ती आताच उभी चीर म्हणाली होती. लहानपणापासून म्हणत आली होती. भेंडी उभी चिर. वांगं उभं चिर. पाटावर ते कसेही पडलेले असो.

तिने मिरची पाटावर फिरवली. देठ स्वतःकडे. मग पुन्हा पहिल्यासारखी. मग पुन्हा.

"कांई हुयो?" आईने विचारले.

"काही नाही."

"लगेच डोळ्याला हात लावू नको," दिवलीबाई म्हणाली. "पिशवीला लागलेलं असतं."

लेंग्थवाइज. लांबीच्या दिशेने.

चुका : ४१८

ती खाली आली. आईला सांगितले, कामाचा फोन आहे. फोन आलेला नव्हता.

पडद्यावर सहाशे चाळीस खाचा तिने सोडल्या तशाच उभ्या होत्या. आडव्या होत्या. तिला आता कोणता शब्द वापरावा ते कळेना.

म्हणजे तो खोटे बोलला नव्हता. बँडच्या आवाजात, हळदीच्या मांडवातून, त्याने जे सांगितले तेच बैठकीत सांगितले. तिने जे ऐकले तेच तिने सांगितले. दोघे खरे बोलले होते आणि चार वर्षे ती एका खोट्याशी भांडत होती, जे कोणी बोललेच नव्हते.

हलके वाटायला हवे होते. तसे झाले नाही. कपाटात जपून ठेवलेली वस्तू कोणी विचारल्यावाचून उचलून न्यावी, तसे तिने एकदा खोलीभर पाहिले.

मग तिने सगळ्या खाचा निवडल्या आणि नव्वद अंशांत फिरवल्या.

प्रोग्राम ओरडला. चारशे अठरा. फिरवलेल्या खाचा एकमेकींवर चढल्या होत्या, काही तारेच्या टोकाबाहेर गेल्या होत्या. एकेक सोडवावी लागणार होती आणि अडीच वाजले होते. टोकाकडे किती अंतर सोडायचे ते तिला नक्की आठवेना, म्हणून तिने कामासोबत आलेली सूचनांची पुस्तिका उघडली. दोन दिवस ती तशीच पडून होती. नियम तिला पाठ होते, आणि त्याने लिहिलेली वाक्ये वाचायची तिला इच्छा नव्हती.

सहाव्या पानावर रुंद तारांचा नियम होता. तिच्या वेळी तिथे दोन ओळी होत्या. आता अख्खे पान होते. चार आकृत्या, प्रत्येकीत तारेवर जाड बाण, बाणाच्या दिशेने खाचा. खाली इंग्रजीत चौकट होती आणि त्या इंग्रजीच्या मधोमध, बंगळूरच्या कंपनीच्या पुस्तिकेत, दोन शब्द देवनागरीत छापलेले होते.

‘उभी’, ‘आडवी’ हे शब्द किंवा त्यांची भाषांतरे खाचेची दिशा सांगताना वापरू नयेत. तोंडी सूचना देऊ नये. नेहमी बाण काढावा.

तिने ते दोनदा वाचले. त्या मजल्यावर देवनागरी वाचणारे फारसे कोणी नव्हते. हे दोन शब्द तिथे कोणासाठी होते?

ती पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर गेली. बदलांची नोंद तिथे असते.

आवृत्ती ७. पान ६. चौदा मार्च. बदल करणारा : एच. के. कारण : भाषेचा गैरसमज.

साल चार वर्षांपूर्वीचे.

एकवीस फेब्रुवारी ते चौदा मार्च. तिने बोटांवर मोजले. तीन आठवडे.

तीन आठवड्यांत त्याला कळले होते. त्याने पान बदलले, आकृत्या काढल्या, बाण काढले, कारण लिहिले. कोणाचा गैरसमज, ते लिहिले नाही. आणि तिला फोन केला नाही.

चुका : ४१८ (अजून)

मागचे पाऊल परत घ्यायला एकच कळ लागते. ती दाबली की सगळ्या खाचा पुन्हा सकाळसारख्या. शून्य चुका. तिचे बोट त्या कळेवर होते.

खाली गल्लीत कोणीतरी हातगाडी अडवल्याबद्दल भांडत होते. भांडण संपेपर्यंत बोट तिथेच राहिले.

आडव्या खाचा खोटे बोलल्याबद्दल होत्या. ते त्याने केले नव्हते. जे केले होते त्याला हे माप बसत नव्हते.

तिने बोट उचलले आणि पहिली खाच सोडवायला घेतली.

चुका : ९६

चार वाजता भूपेशचा संदेश आला : जमी ऱ्हायनं ना?

तिने अंगठ्याचे चित्र पाठवले.

चुका : ०

पाच वाजून दहा मिनिटांनी तिने फाईल पाठवली. भूपेशची पोच आली, लगेच पुढे पाठवल्याची दुसरी ओळ आली. मग तिने फोनमध्ये नाव शोधले. ते अजून होते. ‘हेमकांतभाऊ’. चार वर्षांत ते पुसायला ती कितीदा तरी तिथपर्यंत गेली होती.

तीन रिंगांत त्याने उचलला.

"हां, कोन?"

त्याने तिचा नंबर ठेवला नव्हता.

"चांदनी. नंदुरबारहून."

मागे ऑफिसचा गलका होता. खुर्ची सरकली, दार बंद झाले, गलका थांबला.

"चांदनी! कशी शे तू? कितला दिनमा... काय करी ऱ्हायनी आजकाल?"

"तुमची दादर माझ्याकडे होती. भुईमूग पण."



"ते तं भूपेशले दिधेल व्हतं."

"भूपेशने मला दिलं."

"अच्छा. मंग तं चांगलं... म्हंजे, घरनंच काम..."

"पान सहावर बाण छान काढलेत, सर."

सर हा शब्द पोचला.

"चौदा मार्च," ती म्हणाली. "मला एकवीस फेब्रुवारीला काढलं."

"माले नंतर समजनं, चांदनी. मन्ही शप्पथ. तू गयी, मंग मी तुन्ह्या त्या खाचा उघाडीसन देख्यात. इतल्या सरळ, इतल्या सारख्या. निष्काळजी मानूस असं काम करत नही. तवय डोकामा उजेड पडना. तुले वरतून खाले वाटनं."

"मग फोन?"

"करनार व्हतू." त्याने घसा खाकरला. "आज करू, सकाळ करू. मंग दिन निंघी ग्यात."

"चार वर्षं."

"हाव."

"पत्रात अजून निष्काळजीपणाच लिहिलंय."

"मी बोलसू ना साहेबसंगे. पन आते लगेच नको. एप्रिलमा मन्ही बढती शे, तवय पावत..." तो मध्येच थांबला. आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू गेले असावे.

चांदनी खिडकीपाशी गेली. समोरच्या गच्चीवर कोणीतरी वाळलेले कपडे काढत होते.

"नका बोलू," ती म्हणाली. "आजचं काम तुम्हाला पोचलं असेल. शून्य चुका."

"पोचनं. भूपेशनं आताच धाडं." मग, अगदी सहज विचारल्यासारखे, "खाचा?"

"उभ्या."

तो हसला. एकच, छोटे, सुटल्यासारखे हसू. मग ते हसू मध्येच तुटले.

"पावसाळ्यात तो मोठा ब्लॉक आला होता," चांदनी म्हणाली. "आणि दिवाळीच्या आधी दुसरा. तुमच्याच कंपनीचे. तेही मीच केले."

"त्या... त्या तं बनीसन बाजारमा ग्यात."

"हो का?"

ते दोन्ही ब्लॉक तिने वीज जाते त्या दिशेने चिरले होते. एकूण एक खाच तपासून. तेव्हा ते कोणाचे हे तिला ठाऊक नव्हते, विचारायचेही सुचले नव्हते; परवाच्या फाईलशी ताडून पाहिल्यावरच कळले. दोन्ही मिळून अकरा हजार खाचा, आणि खात्री करायची तर आता त्या त्यालाच तपासाव्या लागणार होत्या. जिथे तार वळते तिथे एकेक डोळ्यांनीच पाहावी लागते. आणि कोणाला मदतीला घ्यायचे तर कशासाठी पाहायचे ते आधी सांगावे लागते. मग चांदनी कोण, ते. मग सहावे पान.

"त्यास्मा खाचा कशा शेत, चांदनी?"

"उभ्या."

"उभ्या म्हंजे?"

तिने खिडकी लावून घेतली.

"चांदनी. उभ्या म्हंजे कशा? सांग ना वं माय. कोनत्या उभ्या?"

तिने फोन ठेवला.

जिन्याखालून आईची हाक आली. दिवस मावळायच्या आत घरात जेवणे उरकायची. स्वयंपाकघरात इचरजबाईंनी ताट वाढून ठेवले होते. दिवलीबाई दारात बसून आपल्या वाट्याच्या मिरच्या पदरात बांधत होती. चांदनी पाटावर बसली, फोन शेजारी फरशीवर ठेवला, पहिला घास मोडला.

फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. फरशीवर थरथरत तो वीतभर सरकला.

"कुण है?" आईने विचारले.

"ऑफिस."

"तो उठा नी."

चांदनीने डाळीची वाटी पुढे ओढली.

"बाजण दे, मां," ती म्हणाली. "फुलका वाढ."